पटावरची मुले आणि शाळेचा निकाल

वाचकांचे प्रश्न : प्राथमिक शिक्षण

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या खेपेला कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत मांडलेली दिसली. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत कोणती मुले येतात, आणि त्यांच्या येण्या-न येण्याने शाळेचा निकाल किती बदलतो, ही ती काळजी. पत्रे लांब होती म्हणून त्यांचा आशय थोडक्यात दिला आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या शाळांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. आम्ही फुलेवाडीत राहतो आणि घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर महापालिकेची शाळा आहे. मी एकदा जाऊन पाहिली, मला ती आवडली. पण माझ्या दिरांनी त्या शाळेचा अहवाल इंटरनेटवरून काढून आणला. त्यात मुलांपेक्षा मुली जास्त आहेत, निम्म्याहून अधिक मुले अनुसूचित जाती व इतर मागास वर्गातली आहेत; आणि पाव मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही, असे मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःच सांगितले. ‘असल्या पटाच्या शाळेत निकाल कसा लागणार?’ असे घरात बोलले जाते. मी मुलीला रोज रात्री गोष्ट वाचून दाखवते. तिचे नुकसान तर होणार नाही ना? (एक आई, फुलेवाडी)

उत्तर : ताई, आपल्या दिरांनी काढलेला अहवाल बहुधा यू-डायस प्लस या केंद्र सरकारच्या माहिती प्रणालीतला असावा. देशातल्या प्रत्येक शाळेला तिथे अकरा अंकी क्रमांक असतो. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७३४ ने सुरू होतो, त्यातले २७ महाराष्ट्राचे आणि ३४ कोल्हापूर जिल्ह्याचे. वर्गखोल्या किती, स्वच्छतागृहे किती, पिण्याचे पाणी आहे का, शिक्षक किती, प्रत्येक इयत्तेत मुले किती, मुली किती, ती कोणत्या सामाजिक प्रवर्गातली, हे सगळे त्यात असते. तिसरीतल्या किती मुलांना अनोळखी धडा वाचता येतो, हे त्यात नसते. तेव्हा घरात जो निष्कर्ष निघाला तो अहवालात कुठेही लिहिलेला नाही; वाचणाऱ्यांनी तो आपल्या मनातून त्यात घातला आहे.

तरीही आपला प्रश्न टाळण्यासारखा नाही. मुलाच्या घरची परिस्थिती आणि त्याचे शाळेतले यश यांचा संबंध असतो, आणि तो चांगला घट्ट असतो. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि १९६६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळांच्या इमारती आणि खर्च यांतल्या फरकापेक्षा मुलांच्या घरच्या पार्श्वभूमीतला फरक त्यांच्या गुणांतली तफावत जास्त उलगडून दाखवतो, असे त्यात आढळले आणि जगभर तेवढेच लक्षात राहिले. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मात्र फार कमी सांगितली जाते. शाळा चांगली असण्याचा सर्वांत जास्त लाभ वंचित घरांतून आलेल्या मुलांना होतो, असेही त्याच पाहणीत दिसले होते. ज्या घरात रोज रात्री गोष्ट वाचून दाखवली जाते त्या घरचे मूल शाळा बेताची असली तरी पुष्कळसे निभावून नेते. ज्याच्या घरात एकही पुस्तक नाही त्याला शाळा हाच एक आधार असतो.

आता आपल्याला ज्या तीन आकड्यांनी धास्ती घातली ते एकेक करून पाहू.

मुलींची संख्या जास्त आहे, हा शाळेचा दोष कसा ठरतो हे मला खरोखर उमगले नाही. उलट हा आकडा आपल्या जिल्ह्याने स्वतःकडे पाहावे असा आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली होत्या. जिथे मुळात मुलीच कमी जन्माला येऊ दिल्या गेल्या, तिथे महापालिकेच्या शाळेत मुली जास्त दिसतात त्याचे कारण पुष्कळ घरांत सापडते : मुलाला फी भरून इंग्रजी माध्यमात घालायचे आणि त्याच्या बहिणीला जवळच्या फुकट शाळेत पाठवायचे. हा निर्णय शाळेने घेतलेला नसतो. मुलींनी भरलेला वर्ग शिकण्यात मागे पडतो असा अनुभव माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यात मला एकदाही आलेला नाही.

जातीच्या रकान्याविषयी मला थोडे स्पष्ट लिहावे लागेल. तो रकाना मुलाची बुद्धी मोजत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दारातून परत पाठवले गेले, ती मुले आता आत आली की नाहीत, हे तपासण्यासाठी तो आहे. ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला आणि १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांसोबत बसवण्याचा हुकूम काढला, त्याच गावात शंभर वर्षांनी ‘असल्या पटाची शाळा’ हे शब्द ऐकू यावेत, याचे मला दुःख होते. आपल्या दिरांना हे माझ्या वतीने जरूर सांगावे, रागाने नव्हे.

तिसरा आकडा घरच्या भाषेचा. ही अडचण खरी आहे आणि पहिल्या वर्षी ती मुलांच्या गुणांत दिसते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्रीत काम करणाऱ्या उत्तरेकडच्या कुटुंबांतली मुले हिंदी किंवा भोजपुरी बोलतात. सीमेपलीकडून आलेल्यांची कन्नड असते. माझ्या वर्गात एकदा दिवाळीनंतर वीटभट्टीवरची एक मुलगी आली होती. तीन आठवडे ती एक शब्द बोलली नाही आणि मी तिच्या नावापुढे ‘अप्रगत’ असे लिहूनही टाकले. मग एके दिवशी फळ्यावरच्या गुणाकाराचे उत्तर तिने कन्नडमध्ये पुटपुटले, आणि ते बरोबर होते. विटांच्या रांगा मोजून तिला पाढे तोंडपाठ झाले होते. तिला येत नव्हती ती फक्त माझी भाषा. आपल्या मुलीच्या वर्गात अशी पाच-सहा मुले असली तर आपल्या मुलीचे मराठी बिघडणार नाही. वर्गात बाई मात्र एकच असतील आणि त्यांच्यापुढे पन्नास मुले असतील, तर त्या सगळ्यांकडेच कमी लक्ष देऊ शकतील. म्हणून पाहायचे ते हे, की शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ठरवलेले ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण त्या शाळेत प्रत्यक्ष आहे का, की कागदावर मंजूर असलेल्या जागा रिकाम्या आहेत.

गुणवत्ता जोखायची असेल तर मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी घेऊन तिसरीच्या वर्गात अर्धा तास बसा. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. बाईंना न शिकवलेले एखादे पान काढायला सांगा आणि पुढच्या बाकावरच्या मुलांऐवजी मधल्या रांगेतल्या तीन-चार मुलांकडून ते वाचून घ्या. वाचून झाले की ‘यात काय सांगितलंय?’ एवढेच विचारा. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलांसाठी शाळा काय करते, हेही विचारा. या प्रश्नाचे उत्तर जी शाळा नेमके देते, ती आपल्या मुलीकडेही लक्ष देईल असे मी अनुभवाने सांगतो. प्रगतिपत्रकावरच्या श्रेणींवरून मात्र दोन शाळांची तुलना करू नका. पहिली-दुसरीत ७० टक्के भार आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या, मूल्यमापनाचा असतो आणि ते त्या-त्या वर्गाचे शिक्षकच करतात. एका शाळेतला ‘अ’ आणि दुसऱ्या शाळेतला ‘अ’ एकाच मापाने मोजलेला नसतो.

प्रश्न : मी १९६० च्या दशकात मंगळवार पेठेजवळच्या, तेव्हा नगरपालिकेच्या असलेल्या शाळेत शिकलो. कार्यालयात शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलांच्या नावांचा फलक होता, त्यावर माझेही नाव आहे. परवा गेलो तर पट ५५ वर आलेला, दोनच शिक्षक, आणि फलकावर गेल्या कित्येक वर्षांत एकही नवे नाव नाही. गुणवत्ता खालावली असे नाही तर काय म्हणायचे? (एक माजी विद्यार्थी, वय ७१)

उत्तर : आजोबा, आपल्या पत्रातली वेदना मला कळते, कारण असे फलक मीही पाहिले आहेत आणि त्यांवरची पिवळी पडलेली अक्षरे वाचताना जीव गलबलतो. पण आपण ज्याला शाळेची गुणवत्ता म्हणत आहात त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत : शाळा काय शिकवते, आणि शाळेत कोण येते.

आपल्या बाकावर कोण बसत होते ते आठवा. पेठेतल्या वकिलाचा मुलगा, तालमीतल्या वस्तादाचा नातू, गुळाच्या अड्ड्यावरच्या हमालाचा मुलगा आणि धुणे धुणाऱ्या बाईची मुलगी एकाच शाळेत होती, कारण पेठेत दुसरी शाळा नव्हती. आपण शाळेत असतानाच, १९६४ ते १९६६ या काळात, कोठारी आयोग देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहीत होता. त्याचे सदस्य-सचिव होते आपल्याच जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. प्रत्येक वस्तीतल्या सगळ्या मुलांनी, जात, धर्म किंवा मिळकत न पाहता, शेजारच्या एकाच शाळेत शिकावे, ही शेजारशाळेची कल्पना त्या आयोगाने आग्रहाने मांडली होती. ती अमलात आली नाही. पुढच्या पन्नास वर्षांत ज्यांना फी परवडली ते एकेक करून त्या बाकावरून उठून गेले, आणि त्यांच्यासोबत शिष्यवृत्तीच्या फलकावरची बरीचशी नावेही गेली. जी मुले मागे राहिली ती आपल्या वेळेच्या हमालाच्या मुलापेक्षा कमी शिकत आहेत की जास्त, हे फलक सांगू शकत नाही. त्याला फक्त पहिले आलेले माहीत असतात.

फलकाविषयी आणखी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. २०१६-१७ पासून शिष्यवृत्ती परीक्षा चौथी आणि सातवीऐवजी पाचवी आणि आठवीला घेतली जाऊ लागली. ज्या शाळा चौथीपर्यंतच होत्या, त्यांची मुले परीक्षेच्या वर्षी दुसऱ्या शाळेच्या पटावर गेली. आपल्या शाळेतला शेवटचा वर्ग कोणता आहे ते एकदा पाहून घ्या. फलक कोरा राहण्याचे अर्धे कारण तिथेच मिळू शकेल.

पट आणि शिक्षक यांचे गणितही समजून घेतले पाहिजे, कारण शाळा खऱ्या अर्थाने दुबळी होते ती इथे. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ ते २०० ला पाच शिक्षक मिळतात. पट १२५ असताना प्रत्येक वर्गाला एक गुरुजी असतात. तोच पट ५५ वर आला की दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात. एका खोलीत पहिली आणि दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी, चौथी आणि पाचवी. त्यातल्या एकाला निवडणुकीच्या कामावर बोलावले की दुसऱ्यापुढे पाचही वर्ग. मुले कमी झाली म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी झाले म्हणून शिकवणे कमी, ते कमी झाले म्हणून आणखी मुले कमी. या उतरंडीत पहिली घागर कोणी हलवली हे शोधायचे तर शाळेच्या आधी पेठेतल्या घरांकडे पाहावे लागेल.

शाळांची काहीच चूक नाही असे मी म्हणणार नाही. पालक जात असताना ते का जात आहेत हे अनेक शाळांनी कधी विचारलेच नाही. ज्यांनी विचारले त्यांचे चित्र वेगळे आहे. आपल्याच शहरात जरगनगरातल्या महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी पालकांची रांग लागते, ही गोष्ट कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. माध्यम मराठीच, पाठ्यपुस्तके बालभारतीचीच, आणि चालवणारी महापालिकाही तीच. तिथे शिक्षकांनी आधी निकाल उभा केला आणि पट त्यामागून आला. एकदा पट भरला की इयत्तेमागे शिक्षक पुरतात, आणि मग तोच चाकोरीचा नियम शाळेच्या बाजूने काम करू लागतो. आपण माजी विद्यार्थी म्हणून काही करू इच्छित असाल तर नव्या फलकासाठी देणगी देण्याआधी आठवड्यातून दोन दुपारी तिसरी-चौथीच्या मुलांकडून वाचून घ्यायला जा. दोन शिक्षकांच्या शाळेत तिसऱ्या मोठ्या माणसाची किंमत फार असते.

प्रश्न : मी साखर कारखान्याजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीत सगळ्या शाळांच्या चाचण्यांचे टक्के एकाखाली एक मांडले जातात. यंदा माझ्या वर्गाचे टक्के घसरले. मी म्हणाले की ऊसतोडणीवाल्यांची मुले वाढली, तर ‘कारणे सांगू नका’ असे उत्तर मिळाले. कारण आणि सबब यांतला फरक कसा दाखवावा? (एक शिक्षिका, करवीर तालुका)

उत्तर : बाई, हा फरक बोलून दाखवता येत नाही, तो आकडे वेगळे मांडूनच दिसतो. एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, गेल्या वर्षी आपल्या वर्गात ४० मुले होती, त्यांतली ३० कायम गावातली आणि १० हंगामी. गावातल्या ३० पैकी २४ जणांना परिच्छेद सलग वाचता येत होता, म्हणजे ८० टक्के. हंगामी १० पैकी ३ जणांना, म्हणजे ३० टक्के. एकूण ४० पैकी २७, म्हणजे ६७.५ टक्के. यंदाही मुले ४०, पण गावातली १८ आणि हंगामी २२. गावातल्या १८ पैकी १५ जण वाचतात, म्हणजे ८३ टक्के. हंगामी २२ पैकी ९ जण वाचतात, म्हणजे ४१ टक्के. एकूण ४० पैकी २४, म्हणजे ६० टक्के. गावातल्या मुलांचा निकाल वाढला, हंगामी मुलांचा तर आणखी वाढला, आणि बैठकीतल्या तक्त्यावर मात्र आपली शाळा साडेसात टक्क्यांनी घसरलेली दिसते. तक्ता खोटे बोलत नाही, पण दोन निरनिराळ्या पटांना तो एकाच नावाने हाक मारतो. आपल्या स्वतःच्या वर्गाचे आकडे अशा दोन ओळींत लिहून पुढच्या बैठकीत ठेवा. त्या दोन्ही ओळी वर गेलेल्या असतील तर आपले म्हणणे कारण ठरेल. हंगामी मुलांची ओळ जागच्या जागी राहिली असेल, तर मात्र ‘मुले वाढली’ हे म्हणणे अपुरे आहे हे आपणच मान्य केले पाहिजे, कारण ती मुलेही आपल्याच पटावरची आहेत.

तारखांची गोष्टही या मांडणीत घालावी. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. कारखान्यांची धुराडी पेटतात त्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे, आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या टोळ्यांची मुले तेव्हा आपल्या वर्गात येऊन बसतात. शिक्षक मोजले जातात ती मुले वेगळी आणि दुसऱ्या सत्रात शिकवली जातात ती मुले वेगळी. शिवाय हंगाम संपता-संपता, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या सुमारास, ती गावी परतू लागतात. ज्या मुलाला आपण चार महिने खपून वाचायला शिकवले त्याचे यश मोजायला ते मूलच वर्गात नसते. त्याच्या मूळ शाळेत त्याची नोंद दीर्घ गैरहजर अशी पडलेली असण्याचा संभव असतो. अशा मुलांसाठी असलेले शिक्षण हमी पत्रक त्यांच्यासोबत आले आहे का ते पाहा, आणि परत जाताना आपण ते भरून द्या. कोणता धडा झाला, किती वाचता येते, कोणती गणिते जमतात, हे चार ओळींत लिहिलेत तर पुढच्या गुरुजींना ते मूल पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागणार नाही. कागदपत्रे नाहीत म्हणून कोणाचा प्रवेश थांबवता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसवलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे, हे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेले आहे. बैठकीत ‘कारणे सांगू नका’ असे म्हटले गेले तर ‘हे विशेष प्रशिक्षण आमच्या शाळेत कधी सुरू होईल?’ असा प्रश्न नम्रपणे, पण लेखी विचारावा.

लहान वर्गाच्या टक्केवारीला तर फारच जपून हात लावावा. १८ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेपाच टक्के. चाचणीच्या दिवशी दोघे तापाने आजारी पडले किंवा एका कुटुंबाने गाव सोडले, तर तक्ता अकरा टक्क्यांनी हलतो. पूरपट्ट्यातल्या शाळांनी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी पाहिले आणि मधल्या काळात महासाथीने शाळा बंद राहिल्या. त्या मुलांचे आकडे आधीच्या वर्षांशेजारी ठेवताना इतकी समज तरी बाळगायला हवी. सप्टेंबरमध्ये मूल कुठे होते आणि मार्चमध्ये कुठे पोचले, हे मुलागणिक एका वहीत ठेवा. माझ्या मते शाळेचा खरा निकाल तीच वही सांगते, आणि ती वही केंद्रप्रमुखांपुढे उघडण्यात संकोच करू नये.

प्रश्न : ‘असर’च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही असे दरवेळी येते. ते आमच्या राजारामपुरीतल्या शाळेलाही लागू आहे का? (एक वडील, राजारामपुरी)

उत्तर : थेट लागू नाही. ‘असर’ ही ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची पाहणी ग्रामीण भागापुरती असते. जिल्ह्यातली साधारण ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे निवडून मुलांना घरी जाऊन वाचायला देतात. राजारामपुरी तिच्यात येतच नाही, आणि कोणत्याही एका शाळेचा निकाल तिच्यातून निघत नाही. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालेले परख राष्ट्रीय सर्वेक्षणही नमुना पाहणीच आहे, त्यातून जिल्ह्याची स्थिती कळते. देशाचा आकडा मात्र मनावर घ्यावा असा आहे : २०२४ च्या ‘असर’मध्ये ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, आणि २०२२ मध्ये ते प्रमाण १६.३ टक्के होते. आपल्या शाळेविषयी जाणून घ्यायचे असेल तर तिसरी ते आठवीच्या वर्गांत राज्याकडून घेतल्या जाणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे पेपर आपल्या मुलाने कसे सोडवले, ते शिक्षकांकडे बसून पाहा.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. गेल्या सभेत कोणत्या वर्गात कोणत्या जातीची किती मुले आणि त्यांतली किती ‘मागे’, असा तक्ता मोठ्याने वाचला गेला. मला ते बरे वाटले नाही, पण आक्षेप कसा घ्यावा ते सुचले नाही. (एक आई, सदर बाजार)

उत्तर : आपल्याला बरे वाटले नाही ते योग्यच होते. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात स्थान असावे, असे कायदा सांगतो. ज्या पालकांना त्यासाठी सभेत बसवले, त्यांच्याच मुलांचा असा उच्चार त्यांच्यासमोर झाला, तर पुढच्या सभेला ते येणार नाहीत.

प्रवर्गाची नोंद ठेवावीच लागते. शिष्यवृत्ती, गणवेश आणि इतर योजनांचा लाभ तिच्यावर अवलंबून असतो, आणि एखाद्या गटातली मुले सातत्याने गैरहजर राहतात का, हेही तिच्याशिवाय कळत नाही. पण वर्गात अनुसूचित जमातीची दोनच मुले असतील तर ‘अनुसूचित जमाती, ५० टक्के मागे’ हा आकडा राहत नाही, ते एका मुलाचे नाव होते. मी एका शाळेत ‘अमक्या प्रवर्गातली मुलं उभी राहा, फॉर्म घ्यायचे आहेत’ असे वर्गात पुकारलेले ऐकले आहे, आणि उभ्या राहिलेल्या मुलांच्या माना खाली गेलेल्या पाहिल्या आहेत. त्या दिवशी त्या शिक्षकांना मी काही बोललो नाही, याची खंत मला अजून आहे.

पुढच्या सभेत आपण असा ठराव मांडा : प्रवर्गनिहाय तक्ता मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील, सभेपुढे प्रत्येक वर्गाची एकूण हजेरी, वाचन आणि गणिताची स्थिती आणि रिकाम्या शिक्षकपदांची माहिती येईल, आणि योजनांचे अर्ज पालकांना बंद पाकिटातून दिले व घेतले जातील. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, त्याखाली सदस्यांच्या सह्या घ्या आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.